कागदावर मी दारुडी होते

“किती घेता?” डॉक्टरांनी विचारलं.

मला वाटलं, चहाबद्दल विचारताहेत. मी म्हटलं, “दिवसातून पाच-सहा तरी होतात. शाळेत, घरी, कुणाच्या दारावर गेलं की तिथेही.”

बाकावर बसलेले चार-पाच पेशंट हसले. डॉक्टर हसले नाहीत. भंडाऱ्याच्या प्रयोगशाळेतून आलेला कागद त्यांनी माझ्यासमोर धरला आणि एका आकड्याखाली पेनाने रेघ मारली.

“दारूबद्दल विचारतोय, बाई. हे एसजीपीटी. चाळिसाच्या आत पाहिजे, तुमचं एकशे दहा आहे. कावीळ नाही. मग लिव्हर कशानं सुजलं?”

“मी दारू पीत नाही.”

“सगळे असंच म्हणतात. बायका तर म्हणतातच. पण लिव्हर खोटं बोलत नाही.” त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. “महिनाभर बंद करा. आकडा आपोआप खाली येईल.”

“आणि नाही आला तर?”

“येईल,” ते म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

ऐंशी सालच्या आसपासची ही गोष्ट. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि दिघोरीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. त्या पावसाळ्यात तळ्याकाठच्या विहिरीचं पाणी पिऊन शाळेतल्या कितीतरी पोरांना कावीळ झाली होती. माझेही पाय गळून जायचे, उजव्या बरगडीखाली जड वाटायचं, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांकडे रक्त दिलं. कावीळ निघाली असती तर बरं झालं असतं, असं त्या दिवशी बाकावरून उठताना मला वाटलं. काविळीला कुणी हसत नाही.

हसण्याचं कारण नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्याच्या आदल्याच हिवाळ्यात आम्ही बायकांनी गावातल्या मोहाच्या भट्ट्या फोडल्या होत्या. तळ्याच्या पलीकडे, जंगल लागतं तिथे, तीन भट्ट्या चालायच्या. वर्गातली पोरं सकाळी उपाशी यायची आणि विचारलं की खाली मान घालून सांगायची, “बानं काल हांडी फोडली जी.” बाप पिऊन आला की आधी चुलीवरचा भात जायचा. हे मी चार वर्षं ऐकलं. पाचव्या वर्षी मी घरोघर गेले, बायका गोळा केल्या, आणि एका सकाळी आम्ही तीसेक जणी काठ्या घेऊन तळ्याच्या पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून, पलीकडे गेलो. सगळ्यांच्या पुढे होती एक ढिवरीण. तिचा नवरा तळ्यात जाळं टाकायचा आणि ती डोक्यावर टोपली घेऊन चार गावं मासोळ्या विकायची. नवऱ्याची अर्धी मिळकत भट्टीवर जायची. पहिलं मडकं तिने फोडलं. शेवटचंही तिनेच.

तेव्हापासून मुख्य भट्टीवाला माझ्यावर दात धरून होता. तो ग्रामपंचायतीत सदस्य होता, आणि तालुक्याच्या डॉक्टरांचा कंपाउंडर त्याचा साडू होता.

मी संध्याकाळच्या एस.टी.ने गावात उतरले तेव्हा बातमी आधीच पोचलेली होती. पानठेल्यावरची माणसं मला पाहून गप्प झाली आणि मी चार पावलं पुढे गेल्यावर मागून कुणीतरी डुलत चालल्याचं सोंग केलं असावं, कारण सगळे एकदम खिदळले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीवर कोळशाने हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं: “बाई दारु पेते.”

प्रार्थनेला उभी असलेली सगळी पोरं एकदा भिंतीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होती. मुख्याध्यापकांनी शिपायाला ओलं फडकं घेऊन धाडलं. मी त्याला थांबवलं. वर्गातून खडू आणला आणि चौथीच्या वहीत करावं तसं भिंतीवर दुरुस्त केलं. ‘दारु’मधला रु दीर्घ केला. ‘पेते’वर काट मारून ‘पिते’ लिहिलं. खाली शेरा दिला: “शुद्धलेखन कच्चे. लिहिणाऱ्याने वर्गात येऊन बसावे.” मग शिपायाला म्हटलं, “आता राहू दे. आठवडाभर कुणी पुसायचं नाही.”

सांगते आहे तेवढं ते सोपं नव्हतं. ‘पिते’मधली वेलांटी वाकडी आली. पण पोरांना ते दिसलं नाही. त्यांना फक्त बाईने काट मारलेली दिसली.

माझे यजमान गावचे पोस्टमास्तर होते. शांत माणूस. आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. त्यांना माझ्याबद्दल शंका नव्हती, पण मी गप्प बसावं असं त्यांना वाटत होतं.

“आठ दिवसांत लोक भुलतात,” ते जेवताना म्हणाले. “तू बोलशीन तं महिनाभर चालन.”

“मंग महिनाभर चालू दे,” मी म्हटलं.

“कायले? तुले ठाऊक हाय, मले ठाऊक हाय.”

“त्या तीस बायकायले ठाऊक नाई. त्या माझ्या मांगं आल्या होत्या. आता त्यायचे नवरे त्यायले रोज म्हनत असतीन, तुमची बाईच पेते, तं आमाले काय सांगता?”

आमची बारा वर्षांची मुलगी ताटातला भात चिवडत बसली होती. तिला शाळेत दोघींनी ‘दारूवालीची पोरगी’ म्हटलं होतं, हे मला नंतर कळलं. तिने सांगितलं नव्हतं.

खरा घाव वेगळाच होता. तिसऱ्या दिवशी ढिवरीण माझ्या दारात आली. टोपली खाली ठेवली, पण नेहमीसारखी ओट्यावर बसली नाही.

“बाई, एक इचारतो. खरं सांगजा. पेता का?”

मला वाटलं जमीन फाटावी. “तूबी?”

“माया जीव मानत नाई. पन कागद हाय म्हन्ते. सुई टोचून रगत काढलं, मशिनीनं पायलं. मशीन कायले खोटं बोलन? पेत असान तं सांगा. मी तरीबी तुमच्या संगंच राहीन. पन मले अंधारात ठेवू नोका.”

मी तिच्यावर रागावणार होते. मग लक्षात आलं, सगळ्या गावात तोंडावर येऊन विचारणारी ही एकटीच होती. बाकीच्यांनी मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता.

“नाई पेत,” मी म्हटलं. “एक थेंब कधी तोंडाले लावला नाई. पन कागद तसा काहून बोलते, ते मले ठाऊक नाई.”

तिने टोपली ओट्याच्या कडेला सरकवली. मग ओट्यावर बसली. “मंग कागदालेच इचारू,” ती म्हणाली.

त्या वाक्यातून मला रस्ता सापडला. मी गणित शिकवणारी बाई. डॉक्टर काय म्हणाले होते? दारू बंद केली की महिन्यात आकडा खाली येईल. म्हणजे महिनाभर माझ्यावर पहारा ठेवा, मी दारू पीत नाही याची साक्ष ठेवा, आणि पुन्हा रक्त तपासा. आकडा उतरला तर गाव म्हणेल ते खरं. नाही उतरला तर सुजेचं कारण दारू नव्हेच.

रविवारी चावडीवर ग्रामपंचायतीची बैठक होती. बायका अशा बैठकीला जात नसत. मी गेले आणि ढिवरीण माझ्याबरोबर आली. भट्टीवाला पुढेच बसला होता. मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, “बाई, आमच्यावर काहून रागावता? कागद तुमच्या डाक्टरचा हाय. आमी नाई लिवला.”

“बरोबर,” मी म्हटलं. “म्हणून मी कागदाचीच परीक्षा घेणार आहे. आजपासून एक महिना ही बाई माझ्या घरी राहील. शाळेत जाईन तिथे येईल, बाजारात जाईन तिथे येईल. महिना झाला की आम्ही दोघी भंडाऱ्याला जाऊन रक्त देऊ. जो निकाल लागेल तो इथे, या चावडीवर, मी स्वतः वाचून दाखवीन. आकडा उतरला तर मी बदली मागून गाव सोडते.”

“अन् नाई उतरला तं?” मागून एका म्हाताऱ्याने विचारलं.

“तर तोवर पुन्हा पेटेल ती प्रत्येक भट्टी दुसऱ्याच दिवशी फुटेल.”

कुणी हसलं नाही. बदलीचं मी घरी विचारलेलं नव्हतं. यजमानांना ते चावडीवरच कळलं. घरी जाताना वाटेत ते एवढंच म्हणाले, “मंग माझी खाट पोस्टाच्या खोलीत टाकतो. ढिवरीण कुठी झोपन?” त्या एका वाक्यामुळे मी त्यांना आयुष्यभर बोल लावला नाही.

तो महिना आम्ही दोघींनी काढला. तिने टोपली सोडली नाही. सकाळी जवळपासच्या घरी मासोळ्या देऊन शाळा भरायच्या आत परत यायची आणि तेवढा वेळ दुसरी एखादी बाई माझ्या ओट्यावर बसायची. मग ढिवरीण वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसे. पोरं पाढे म्हणू लागली की तीही ओठ हलवे. महिन्याच्या शेवटी तिला बाराचा पाढा आला. चुलीपाशी, विहिरीवर, शेणाच्या गोवऱ्या आणायला, सगळीकडे ती मागे. कुणी चेष्टा केली तर म्हणे, “मी बाईची पोलीस हावो.”

भट्टीवाल्याने दरम्यान वेळ दवडला नाही. तळ्यापलीकडे दोन भट्ट्या परत पेटल्या. सकाळी पाळीवर उभं राहिलं की धूर दिसायचा. बायका मला विचारायच्या, जायचं का? मी म्हणायची, निकाल लागू द्या. तो महिना मला वर्षासारखा गेला.

आणि बायका मात्र माझी काळजी घेत होत्या. बाईचं लिव्हर सुजलं म्हणे, बाईला ताकद पाहिजे म्हणे. नवीन तांदळाची खीर यायची, गूळ घातलेला घट्ट चहा यायचा, ज्या घरी जाईन तिथे भाताचा डोंगर ताटात पडायचा. मी कुणालाही नाही म्हटलं नाही. ज्या बायकांनी विश्वास ठेवला त्यांना नाही कसं म्हणणार?

महिना भरला त्या दिवशी आम्ही दोघी पहिल्या गाडीने भंडाऱ्याला गेलो. मी ढिवरणीला म्हटलं होतं, बाहेर बस. ती म्हणाली, “मी बाहेर बसून काय पायतो?” आणि सरळ आत आली.

प्रयोगशाळा म्हणजे एका अरुंद गल्लीतली दोन खोल्यांची जागा. तपासणारे गृहस्थ पन्नाशीचे, बारीक, बोटं रसायनांनी पिवळी पडलेली. मी त्यांना सगळं सांगितलं, कारण लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. कंपाउंडरचं, भिंतीचं, चावडीचं. ते ऐकत गेले. रक्त घेताना म्हणाले, “आज मी घाई करणार नाही. तुमच्यासमोर करतो.”

रक्त फिरत्या यंत्रात घातलं, वरचं पिवळसर पाणी वेगळं केलं, नळ्या कोमट पाण्यात ठेवल्या आणि गजराचं घड्याळ लावलं. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी प्रत्येक नळीत कॉस्टिक सोडा टाकला आणि पाण्यासारख्या नळ्या बघता बघता तपकिरी झाल्या.

“हा तं चहा झाला जी,” ढिवरीण म्हणाली.

“जेवढा चहा कडक, तेवढं लिव्हर जास्त दुखावलेलं,” ते म्हणाले. नळी यंत्रात घातली, काटा हलून थांबला, त्यांनी तक्त्यावर बोट फिरवलं. “एकशे अठरा.”

आकडा उतरला नव्हता. वर चढला होता.

मी ढिवरणीचा हात धरला. तिला आकडा कळला नव्हता, पण माझ्या तोंडाकडे पाहून तिने ओळखलं. “चढला?” तिने विचारलं. मी मान हलवली, आणि ती त्या प्रयोगशाळेत मोठ्याने हसली.

“अजून एक बघा,” ते गृहस्थ म्हणाले. त्यांनी दुसरी नळी दाखवली. “ही तपासणी जोडीनं असते. एक एसजीपीटी, एक एसजीओटी; आम्ही नुसतं पीटी आणि ओटी म्हणतो. दारू पिणाऱ्यांचे किती कागद मी केले असतील. त्यांच्यात बहुतेक वेळा ओटी पुढे असतं आणि पीटी मागे. तुमचं उलटं आहे. पहिल्या कागदातही उलटंच होतं. डॉक्टरांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले असते तर...” त्यांनी वाक्य सोडून दिलं.

“मग माझं लिव्हर कशानं सुजलं?”

ते थोडे घुटमळले. “मी डॉक्टर नाही, बाई. पुस्तकातलं मला विचारू नका. पण एक विचारू? घरात कुणाला साखरेचा आजार?”

“आईला होता.”

“मानेवर हे काळं कधीपासून?”

माझा हात आपोआप मानेमागे गेला. तिथे मळासारखा काळा पट्टा होता. लहानपणी माहेरी, अड्याळला, आई मला दगडाने घासायची, कातडी लाल व्हायची, पट्टा जायचा नाही. आईच्याही मानेवर तसाच होता.

“आठवतं तेव्हापासून,” मी म्हटलं.

“हे असे लोक मी पाहिलेत,” ते सावकाश म्हणाले. “दारू नाही, कावीळ नाही, अंगानं भरलेले, पोटावर चरबी, आणि पीटी वाढलेलं. डॉक्टर विचारतात दारू का, ते नाही म्हणतात, विषय संपतो. मग तीन-चार-पाच वर्षांनी तोच माणूस माझ्याकडे लघवी घेऊन येतो, आणि साखरेमुळे नळी लाल होते. सगळ्यांची होते असं नाही. पण इतक्या वेळा पाहिलंय की आता असा कागद लिहिताना माझा हात थांबतो. लिव्हर आधी कळवतं, साखर मागून येते. असं मला वाटतं. मला वाटतं, एवढंच.”

मला राग आला. अजून एक आरोप! दारूतून सुटले नाही तोच साखर. मी म्हटलं, “तपासा मग आत्ताच.”

त्यांनी लघवी निळ्या औषधात घालून बत्तीवर उकळली. थोडी साखर असती तर नळी हिरवी झाली असती, फार असती तर लाल; ती निळीच राहिली. “नाही,” ते म्हणाले. “आज नाही. अजून वेळ आहे तुमच्या हातात. दरवर्षी येत जा.” आणि मी दारातून बाहेर पडताना मागून म्हणाले, “भात किती खाता?”

मी ढिवरणीला घेऊन बसस्टँडकडे निघाले.

गावाकडे जाण्याआधी आम्ही तालुक्याला उतरलो. दवाखान्याचा बाक पूर्ण भरेपर्यंत मी मुद्दाम बाहेर थांबले. मग आत गेले आणि दोन्ही कागद टेबलावर ठेवले.

“डॉक्टर, महिना झाला. तुम्ही म्हणालात उतरेल. चढलंय.”

त्यांनी कागद पाहिला. “तुम्ही बंद केली नसेल.”

“मी होतो जी,” ढिवरीण दारातून म्हणाली. “महिनाभर, दिसाले अन् रातीले. बाईनं थेंब घेतला नाई. घेतला असता तं मीच मडकं डोक्यात घातलं असतं.”

“आणि हे दुसरे आकडे,” मी म्हटलं. “दोन्ही शेजारी ठेवून बघा.”

त्यांनी पाहिलं. पेन एका आकड्यावरून दुसऱ्यावर नेलं. कंपाउंडर खिडकीपाशी पुड्या बांधायचा थांबला होता. शेवटी डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, “होऊ शकतं. लिव्हरवर चरबी साचली की असं होऊ शकतं. तुमचं वजनही...”

“हळू नका बोलू. महिन्यापूर्वी मोठ्यानं बोलला होतात.”

ते लाल झाले. मला क्षणभर त्यांची दया आली. वाईट माणूस नव्हता तो. सकाळपासून शंभर पेशंट पाहणारा, त्यातले निम्मे खरोखर पिणारे. पण मी खुर्चीवरून उठले नाही.

“या बाईंचं लिव्हर दारूमुळे सुजलेलं नाही,” ते बाकाकडे पाहून म्हणाले.

“लिहून द्या.”

त्यांनी पॅडवर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. मी कागद परत केला. “मराठीत. चावडीवर इंग्रजी कुणाला येत नाही.”

त्यांनी मराठीत लिहिलं. एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला होता. तो मात्र मी सोडून दिला.

तो कागद मी चावडीवर वाचला. भट्टीवाला आला नव्हता. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी आम्ही पाळीवरून पलीकडे गेलो. या वेळी तीस नव्हतो, साठेक होतो.

यानंतर माझी गोष्ट संपायला हवी होती, पण त्या प्रयोगशाळेतल्या माणसाचा शेवटचा प्रश्न माझ्या मागे लागला. भात किती खाता? आईची आठवण यायची. तिच्या पायाच्या अंगठ्याला काटा टोचला, जखम भरेना, बोट काळं पडलं, तेव्हा कुठे कळलं की तिला साखर आहे. पाय गेला. दीड वर्षात ती गेली. ती पंचेचाळीसचीही नव्हती.

मी ठरवलं, ही साखर माझ्या दारात यायची असेल तर तिला पायपीट करायला लावायची.

आमच्या भागात जेवण म्हणजे भात. पोळी झाली, भाजी झाली, वरण झालं, पण भात झाला नाही तर माणूस उपाशी. त्या गावात मी भात एका वेळेवर आणला, तोही एक मूठ. पोटभर वरण, तरोट्याची भाजी, पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, आणि ढिवरीण देईल त्या मासोळ्या. चहातली साखर बंद केली. हे भट्ट्या फोडण्यापेक्षा अवघड निघालं. दारू नको म्हटलं तर बायका टाळ्या वाजवतात. त्यांच्या घरचा चहा नको म्हटलं तर त्या रुसतात.

“आमचा भात कडू लागते का, बाई?” एकीने पाणावल्या डोळ्यांनी विचारलं होतं.

“तुझा भात लय गोड लागते, म्हनूनच नको,” मी म्हटलं.

रोज सकाळी मी तळ्याच्या पाळीवरून चालायला लागले. काही काम नसताना एक बाई भरभर चालते, हे गावाने पाहिलंच नव्हतं. “बाई, कायले पळून राहिल्या?” म्हणून शेतावर जाणारी माणसं विचारायची. “कोनी मांगं लागलं का?” मी म्हणायची, “हो, लागलं हाय.” आणि चालत राहायची. आठ-दहा महिन्यांत पोलकी सैल झाली. पुढच्या वर्षी भंडाऱ्याला गेले तेव्हा नळीतला चहा फिका होता. त्याच्या पुढच्या वर्षी आकडा पन्नासच्या आसपास आला. मानेवरचा पट्टाही थोडा उजळला, असं यजमान म्हणायचे. मला ते दिसत नव्हतं.

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी त्या अरुंद गल्लीत जायची. ते गृहस्थ निळी नळी बत्तीवर धरायचे आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसायचो. आठ वर्षं ती निळी राहिली. मधे माझी बदली साकोली तालुक्यात एकोडीला झाली, तरी मी गाडी बदलून तिथेच जायची.

नवव्या वर्षी नळी हिरवी झाली.

त्यांनी ती पुन्हा करून पाहिली. मग रक्त घेतलं. रक्तातही साखर वाढलेली होती. थोडी, पण वाढलेली. ते खुर्चीत बसले. “बाई, मला वाईट वाटतं. मी बोललो ते खरं व्हायला नको होतं.”

“तुम्ही बोलला नसतात तर आज मी तुमच्याकडे कशी आले असते?” मी म्हटलं. “आईला कळलं तेव्हा बोट काळं होतं. मला कळतंय तेव्हा नुसता रंग हिरवा झालाय. आई गेली त्या वयाच्या आत ही साखर मला गाठू शकली असती. नाही गाठू शकली.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. बाहेर जाऊन दोन कप चहा सांगून आले, बिनसाखरेचा. आम्ही तो कडवट चहा प्यायलो आणि मी बसस्टँडवर आले.

त्याच हिवाळ्यात मुलीला बघायला माणसं यायची होती. पवनीकडचं व्यापारी घर, मुलगा शिकलेला, सगळं चांगलं. आदल्या दिवशी माझ्या नणंदेने मला स्वयंपाकघरात गाठलं.

“वैनी, उद्या साखरेचं बोलू नोका हो. आईले हाय म्हन्लं का पोरीलेबी होईन म्हन्तेत. मोडन जमलेलं.”

यजमानांनीही तिच्या बोलण्याला मान डोलावली. या वेळी त्यांना खरंच भीती वाटत होती. मुलगी आता एकवीस वर्षांची होती. ती म्हणाली, “आई, तुला वाटेल ते कर. पण खोटं बोलून मला कुठे पाठवू नकोस.”

पाहुणे आले. पोहे झाले, चहा आला. सगळ्यांना साखरेचा, मला वेगळ्या कपात. मुलाच्या वडिलांनी विचारलं, “तुमी काहून वेगळा घेता, बाई?”

नणंदेने माझा पदर ओढला. मी पदर सोडवून घेतला.

“मला साखरेचा आजार आहे,” मी म्हटलं. “माझ्या आईलाही होता. मुलीला आज नाही, पुढे होऊ शकतो. तिला मी दरवर्षी तपासायला शिकवलंय. हे चालत असेल तर पुढचं बोलू.”

यजमान जमिनीकडे पाहत होते. मुलाच्या आईने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने मुलाकडे. मग त्या माणसाने आपला चहाचा कप बशीत ठेवला आणि हळूच पुढे सरकवला.

“बाई,” तो म्हणाला, “मलेबी हाय. पाच वर्षं झाली. आमी कोनाले सांगत नवतो.” मग आत स्वयंपाकघराकडे बघून म्हणाला, “तुमच्या कपातला असन तं थोडा मलेबी द्या.”